पीएचपी संकेतस्थळांतील चलांचे व्यवस्थापन आणि पृष्ठांतर्गत माहितीचे वहन : एक विवेचन

सारांश

पीएचपी या भाषेत संकेतस्थळ तयार करणाऱ्या नवशिक्या विद्यार्थ्यासमोर पहिली मोठी अडचण उभी राहते ती एका पृष्ठावर भरलेली माहिती दुसऱ्या पृष्ठावर नेण्याची. ही अडचण एचटीटीपी या संदेशवहन नियमावलीच्या स्मृतिविरहित स्वरूपातून निर्माण होते. प्रस्तुत लेखात पीएचपीमधील चलाचे आयुष्य व व्याप्ती स्पष्ट करून गेट, पोस्ट, अदृश्य रकाने, कुकी व सेशन या पाच मार्गांचे विवेचन केले आहे. माहिती कोणत्या मार्गाने न्यावी याचा निर्णय सोयीपेक्षा दोन प्रश्नांवर अवलंबून असावा : ती माहिती वाटेत कोणाच्या हाती राहते आणि ती किती काळ टिकणे आवश्यक आहे. महाविद्यालयीन कामकाजातील प्रवेश अर्ज व गुणनोंदणी यांची उदाहरणे घेऊन हा मुद्दा येथे मांडला आहे.

बीजसंज्ञा : पीएचपी, चल, व्याप्ती, गेट, पोस्ट, कुकी, सेशन, माहितीची विश्वासार्हता.

१. प्रस्तावना

रॅस्मस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या वैयक्तिक संकेतस्थळासाठी काही लहान साधने तयार केली व १९९५ मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. त्या साधनांतून विकसित झालेली पीएचपी ही भाषा पुढे जगभरातील असंख्य संकेतस्थळांचा आधार बनली. शिकण्यास सोपी, विनामूल्य उपलब्ध आणि एचटीएमएलमध्ये सहज मिसळणारी असल्यामुळे महाविद्यालयीन प्रकल्पांतही तिला मोठे स्थान मिळाले.

या भाषेकडे येणारा विद्यार्थी बहुधा सी किंवा सी प्लस प्लस शिकून आलेला असतो. प्रोग्रॅम सुरू झाल्यावर चलात ठेवलेली किंमत तो संपेपर्यंत टिकते, ही त्याची पक्की धारणा असते. पीएचपीमध्येही हा नियम खराच आहे. परंतु येथे प्रोग्रॅम फारच लवकर संपतो. विद्यार्थी पहिल्या पृष्ठावर $नाव या चलात अर्जदाराचे नाव ठेवतो, दुसऱ्या पृष्ठावर तेच चल छापू पाहतो आणि त्याला रिकामी जागा दिसते. (पीएचपीच्या नियमांनुसार चलाच्या नावात देवनागरी अक्षरे चालतात, त्यामुळे $नाव हे वैध चल आहे.) येथून पुढे तो मिळेल तो मार्ग स्वीकारतो. कोणी सर्व माहिती पत्त्यात जोडतो, कोणी ती अदृश्य रकान्यांत लपवतो, तर कोणी सर्व काही सेशनमध्ये भरतो. प्रकल्प चालतो, प्रात्यक्षिक परीक्षेत गुणही मिळतात. मात्र तेच संकेतस्थळ प्रत्यक्ष वापरात आले की शुल्काची रक्कम बदलली जाते, एकाची माहिती दुसऱ्याच्या नावे नोंदवली जाते, किंवा यादीतील शेवटच्या विद्यार्थ्यांचे गुण नाहीसे होतात. या तिन्ही घटना कशा घडतात, हे पुढील विवेचनातून स्पष्ट होईल.

२. चलाचे आयुष्य व व्याप्ती

ब्राउझर सर्व्हरकडे विनंती पाठवतो, सर्व्हर प्रतिसाद देतो आणि तेथे तो व्यवहार पूर्ण होतो. पुढची विनंती त्याच व्यक्तीकडून, त्याच संगणकावरून, दोन सेकंदांनी आली तरी एचटीटीपीच्या दृष्टीने ती सर्वस्वी नवी असते. मागील व्यवहाराची कोणतीही आठवण या नियमावलीत अंगभूत नाही. म्हणून तिला स्मृतिविरहित म्हटले जाते. प्रत्येक वेळी नव्या कारकुनापुढे जाऊन उभे राहावे आणि प्रत्येक वेळी संपूर्ण प्रकरण पहिल्यापासून सांगावे लागावे, असा हा प्रकार आहे.

पीएचपीची प्रचलित कार्यपद्धती याच्याशी सुसंगत आहे. विनंती आली की संबंधित फाइल कार्यान्वित होते, चले निर्माण होतात, प्रतिसाद तयार होतो आणि फाइलचे काम संपताच सर्व चले नष्ट होतात. या रचनेचा लाभही मोठा आहे. एका वापरकर्त्याच्या विनंतीतील चुकीमुळे दुसऱ्याच्या चलांत ढवळाढवळ होत नाही आणि स्मृतीतील केरकचरा प्रत्येक विनंतीनंतर आपोआप साफ होतो.

येथे तीन गैरसमज वारंवार आढळतात. पहिला, 'ग्लोबल' या शब्दाविषयीचा. सी भाषेत फंक्शनच्या बाहेर घोषित केलेले चल आतही थेट दिसते. पीएचपीमध्ये तसे होत नाही; फंक्शनच्या आत बाहेरील चल वापरायचे असल्यास ग्लोबल या शब्दाने तसे स्पष्ट सांगावे लागते, किंवा ते चल आर्ग्युमेंट म्हणून पाठवावे लागते. दुसरा मार्गच श्रेयस्कर, कारण फंक्शन कोणत्या माहितीवर अवलंबून आहे हे त्यात उघडपणे दिसते. दुसरा गैरसमज स्टॅटिक चलाचा. फंक्शन पुन्हापुन्हा बोलावले असता स्टॅटिक चल आपली किंमत राखते, परंतु एकाच विनंतीच्या मर्यादेत. त्याच्या साहाय्याने संकेतस्थळास भेट देणाऱ्यांची संख्या मोजू पाहणाऱ्यास प्रत्येक वेळी एक हाच आकडा दिसेल. तिसरा गैरसमज इन्क्लूड या आज्ञेविषयी आहे. इन्क्लूडने जोडलेल्या फाइलला मूळ फाइलमधील चले उपलब्ध असतात, कारण दोन्ही फाइली एकाच विनंतीत चालतात. दुव्यावर टिचकी मारून उघडलेले पृष्ठ ही मात्र स्वतंत्र विनंती असते. 'फाइलीतून फाइलीकडे' आणि 'पृष्ठाकडून पृष्ठाकडे' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे पहिल्याच तासिकेत फळ्यावर आकृती काढून दाखवणे उपयुक्त ठरते.

३. पत्त्यातून वहन : गेट पद्धत

पृष्ठाच्या पत्त्यापुढे प्रश्नचिन्ह देऊन नाव व किंमत यांच्या जोड्या लिहिल्या की त्या पुढील पृष्ठास गेट या अ‍ॅरेमध्ये मिळतात. ही सर्वांत साधी पद्धत होय. असा पत्ता जपून ठेवता येतो, सहकाऱ्यास पाठवता येतो, ब्राउझरचे मागे जाण्याचे बटण वापरले तरी गोंधळ होत नाही. ग्रंथालयाच्या सूचीतील शोध, यादीचा पृष्ठक्रमांक, विभागाचे नाव यांसाठी ती योग्य आहे.

परंतु पत्ता सर्वांना दिसतो. तो ब्राउझरच्या इतिहासात राहतो आणि सर्व्हरच्या नोंदवहीत लिहिला जातो. पासवर्ड किंवा वैयक्तिक माहिती त्यात कधीही असू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे पत्ता कोणालाही बदलता येतो. निकालाच्या पृष्ठावर आसनक्रमांक पत्त्यातून येत असेल आणि पृष्ठ केवळ त्या क्रमांकावर विसंबून गुणपत्रक दाखवत असेल, तर शेवटचा अंक बदलणाऱ्यास शेजारच्या विद्यार्थ्याचे गुण दिसतील. यासाठी कोणत्याही तांत्रिक कौशल्याची गरज नाही. आसनक्रमांक पत्त्यात असणे हा दोष नाही. तो पाहण्याचा अधिकार त्या व्यक्तीस आहे किंवा नाही याची सर्व्हरवर तपासणी न करणे हा दोष आहे.

गेटविषयी आणखी एक दंडक आहे : गेट विनंतीने माहिती केवळ वाचावी, बदलू नये. २००५ मध्ये गूगलने वेब अ‍ॅक्सिलरेटर नावाचे साधन प्रसिद्ध केले. पृष्ठावरील दुवे वापरकर्त्याने उघडण्यापूर्वीच मागवून ठेवणे हे त्याचे एक काम होते. काही संकेतस्थळांवर नोंद नष्ट करण्याची सोय साध्या दुव्याने दिलेली होती. साधनाने ते दुवेही मागवले आणि वापरकर्त्याने टिचकी मारलेली नसताना नोंदी नष्ट झाल्या. नियम पुस्तकात होता, तो मोडण्याचा परिणाम त्या वर्षी दिसला.

४. फॉर्ममधून वहन : पोस्ट पद्धत

पोस्ट पद्धतीत माहिती पत्त्यात न येता विनंतीच्या अंगभागातून जाते व पोस्ट या अ‍ॅरेमध्ये मिळते. माहिती साठवणारी, बदलणारी वा नष्ट करणारी प्रत्येक कृती या पद्धतीने व्हावी. मात्र 'पोस्ट म्हणजे सुरक्षित' हा समज चुकीचा आहे. ती माहिती पत्त्याच्या पट्टीत दिसत नाही, इतकेच. वाटेत ती कोणी वाचू नये यासाठी एचटीटीपीएस आवश्यक असते आणि ती पाठवणाऱ्याच्या हातात असेपर्यंत कशीही बदलता येते.

पोस्टच्या संदर्भात अध्यापकांनी आवर्जून दाखवाव्यात अशा काही बाबी आहेत. पहिली, पुनरावृत्तीची. अर्ज सादर केल्यावर त्याच पृष्ठावर 'अर्ज स्वीकारला' असा संदेश दाखवला आणि विद्यार्थ्याने पृष्ठ ताजे केले, तर अर्ज पुन्हा सादर होऊ शकतो. यावर रूढ उपाय असा की माहिती साठवून होताच ब्राउझरला दुसऱ्या पृष्ठाकडे वळवावे व संदेश तेथे दाखवावा.

दुसरी बाब शून्याची आहे. फॉर्ममधून येणारी प्रत्येक किंमत अक्षरमालेच्या रूपात येते. रकाना भरला आहे किंवा नाही हे पाहण्यासाठी अनेक जण एम्प्टी ही रचना वापरतात. परंतु शून्य हा अंक असलेली अक्षरमालाही एम्प्टीच्या लेखी रिकामीच असते. परिणामी शून्य गुण मिळालेला विद्यार्थी आणि ज्याचे गुण भरायचे राहिले आहेत तो विद्यार्थी यांत प्रोग्रॅम भेद करीत नाही. पीएचपी ८ या २०२० मधील आवृत्तीपूर्वी रिकामी अक्षरमाला व शून्य ही संख्या यांची साधी तुलनाही 'समान' असेच उत्तर देत असे. गैरहजर आणि शून्य यांतील अंतर परीक्षा विभागाला चांगले ठाऊक असते. प्रोग्रॅमला ते शिकवावे लागते. यास्तव रकाना आला आहे का, तो रिकाम्या अक्षरमालेशी काटेकोरपणे समान आहे का आणि त्यातील मजकूर संख्या आहे का, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत. खूण न केलेला चेकबॉक्स तर विनंतीत येतच नाही, हेही येथे लक्षात घ्यावे.

तिसरी बाब मर्यादांची आहे. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या ५.३.९ या आवृत्तीपासून एका विनंतीत स्वीकारल्या जाणाऱ्या किमतींची संख्या मर्यादित केली गेली व ती मर्यादा सामान्यतः १,००० ठेवलेली असते. १२० विद्यार्थ्यांचे प्रत्येकी नऊ रकाने एकाच पृष्ठावर मांडले तर १,०८० किमती होतात. मर्यादेपलीकडील किमती गाळल्या जातात. सर्व्हर केवळ एक इशारा देतो आणि प्रत्यक्ष वापरातील सर्व्हरवर असे इशारे पडद्यावर बहुधा दाखवले जात नाहीत. यादीच्या अखेरच्या विद्यार्थ्यांचे गुण साठवलेच जात नाहीत आणि पडद्यावर मात्र 'माहिती जतन झाली' असा संदेश झळकतो. त्याचप्रमाणे पोस्ट माहितीच्या एकूण आकारासही मर्यादा असते, जी सामान्यतः ८ मेगाबाइट असते. ती ओलांडली तर पोस्ट हा अ‍ॅरे सर्वस्वी रिकामा मिळतो. मोठे छायाचित्र जोडणाऱ्या अर्जदाराला 'नाव भरा' असा संदेश येतो आणि तो बुचकळ्यात पडतो, त्याचे कारण हेच. मोठी यादी तुकड्यांत विभागणे आणि पाठवलेल्या व साठवलेल्या नोंदींची संख्या ताडून पाहणे, हे त्यावरील साधे उपाय आहेत.

५. रजिस्टर ग्लोबल्सचा धडा

पीएचपीच्या प्रारंभीच्या काळात रजिस्टर ग्लोबल्स नावाची सोय होती. पत्त्यातून, फॉर्ममधून वा कुकीतून आलेल्या प्रत्येक किमतीचे त्याच नावाचे चल आपोआप तयार होत असे. ही सोय नवशिक्यांना अतिशय प्रिय होती, कारण माहिती कोठून आली याचा विचारच करावा लागत नसे. संकटही तेथेच दडलेले होते. समजा, पासवर्ड जुळल्यास $अधिकृत या चलात एक ठेवायचे आणि पुढे ते चल एक असल्यास गुणनोंदणीचे पृष्ठ उघडायचे, अशी रचना आहे व चलाला आरंभी शून्य किंमत देण्याचे राहून गेले आहे. पत्त्यापुढे त्याच नावाने एक हा अंक जोडणारा कोणीही पासवर्डशिवाय आत येऊ शकत असे.

डिसेंबर २००१ मध्ये ४.१.० या आवृत्तीत सुपरग्लोबल अ‍ॅरे आले. गेट, पोस्ट, कुकी व सेशन अशी प्रत्येक मार्गाची स्वतंत्र पेटी निर्माण झाली. २००२ मधील ४.२.० या आवृत्तीत रजिस्टर ग्लोबल्सची सोय मूळ मांडणीत बंद करण्यात आली आणि २०१२ मधील ५.४ या आवृत्तीत ती समूळ काढून टाकण्यात आली. सेशन रजिस्टर हे जुने फंक्शनही त्याच आवृत्तीत गेले, तर मायएसक्यूएलची जुनी फंक्शने २०१५ मधील पीएचपी ७ मध्ये वगळण्यात आली. जुन्या क्रमिक पुस्तकांतील अनेक उदाहरणे आजच्या सर्व्हरवर चालत नाहीत, ती या कारणांनी. या इतिहासातून एक तत्त्व निष्पन्न होते : किंमत कोणत्या पेटीतून आली हे माहीत असणे, हा तिच्यावर किती विश्वास ठेवावा हे ठरवण्याचा पहिला टप्पा आहे.

६. अदृश्य रकाने

तीन पृष्ठांचा प्रवेश अर्ज घेऊ. पहिल्या पृष्ठावर वैयक्तिक माहिती, दुसऱ्यावर विषयनिवड, तिसऱ्यावर शुल्क. पहिल्या पृष्ठावरील माहिती दुसऱ्या पृष्ठाच्या फॉर्ममध्ये अदृश्य रकान्यांत ठेवायची, तेथून तिसऱ्याकडे न्यायची आणि शेवटी एकदम साठवायची, ही पद्धत दीर्घकाळ प्रचारात आहे. तिला सर्व्हरवर काहीही साठवावे लागत नाही.

'अदृश्य' या शब्दाने मात्र फसगत होते. रकाना पडद्यावर दिसत नसला तरी पृष्ठाच्या मूळ मजकुरात तो असतोच आणि आजच्या प्रत्येक प्रमुख ब्राउझरमध्ये पृष्ठातील मजकूर तपासून बदलण्याची साधने असतात. दुसऱ्या पृष्ठावर विषयांनुसार शुल्क काढून ती रक्कम अदृश्य रकान्यातून तिसऱ्या पृष्ठाकडे पाठवली, तर अर्जदार ती बदलून पाठवू शकतो आणि सर्व्हर ती निमूटपणे स्वीकारतो. जावास्क्रिप्टने केलेली तपासणीही अर्जदाराच्याच ब्राउझरमध्ये चालते, त्यामुळे ती सोय आहे, संरक्षण नाही. योग्य रचना अशी की ब्राउझरमधून केवळ निवडलेल्या विषयांचे संकेतांक यावेत आणि शुल्काची रक्कम सर्व्हरने स्वतःच्या कोष्टकातून प्रत्येक वेळी नव्याने काढावी. जी किंमत सर्व्हरला स्वतः काढता येते, ती अर्जदाराकडून मागू नये.

७. कुकी

नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली यांनी १९९४ मध्ये कुकीची कल्पना प्रत्यक्षात आणली. सर्व्हर प्रतिसादासोबत एक लहानशी चिठ्ठी देतो. ब्राउझर ती जपून ठेवतो व त्याच संकेतस्थळाकडे जाणाऱ्या प्रत्येक विनंतीसोबत परत पाठवतो. स्मृतिविरहित व्यवहारात स्मृतीचा प्रवेश झाला तो या चिठ्ठीने. २०११ च्या प्रमाणकानुसार ब्राउझरने किमान ४,०९६ बाइटची कुकी सांभाळावी अशी अपेक्षा आहे. म्हणजे तेथे मोठी माहिती ठेवण्यास वावच नाही.

कुकी ही ब्राउझरच्या ताब्यात असते, म्हणून ती वाचता, बदलता व पुसता येते. भाषेची निवड, अक्षरांचा आकार अशा पसंती तेथे ठेवाव्यात. 'वापरकर्ता प्राचार्य आहे' अशी घोषणा तेथे ठेवू नये. सेटकुकी या फंक्शनने दिलेली कुकी त्याच विनंतीत कुकी या अ‍ॅरेमध्ये दिसत नाही, ती पुढच्या विनंतीसोबत परत येते. या एका गोष्टीवर प्रयोगशाळेत बराच वेळ खर्च होतो.

८. सेशन

पीएचपी ४ या मे २००० मधील आवृत्तीत सेशनची सोय भाषेतच समाविष्ट झाली. तिची कल्पना रेल्वे स्थानकावरील सामानघरासारखी आहे. सामान सर्व्हरकडे राहते, प्रवाशाला फक्त एक पावती मिळते. ती पावती म्हणजे सेशन क्रमांक. तो कुकीतून ये-जा करतो आणि मूळ माहिती सर्व्हरवरील फाइलीत राहते. अर्जदाराला ती माहिती थेट बदलता येत नाही. प्रवेश केलेल्या वापरकर्त्याची ओळख, त्याचे अधिकार, अर्जाचा चालू टप्पा यांसाठी सेशन हीच योग्य जागा होय.

पावती मात्र सांभाळावी लागते. ज्याच्या हाती पावती, त्याला सामान मिळते. म्हणून पासवर्ड जुळल्यावर सेशन क्रमांक बदलावा. तो पत्त्यातून पाठवू नये. जावास्क्रिप्टला तो वाचता येणार नाही आणि तो केवळ एचटीटीपीएसवरूनच जाईल, अशी मांडणी ठेवावी. कुकी आपोआप पाठवली जात असल्याने दुसऱ्याच एखाद्या संकेतस्थळावरील फॉर्म वापरकर्त्याच्या नकळत आपल्या सर्व्हरकडे विनंती पाठवू शकतो. त्यावर उपाय म्हणून एक अनुमान न करता येणारी खूण सेशनमध्ये ठेवावी, तीच फॉर्मच्या अदृश्य रकान्यात द्यावी आणि सादर झाल्यावर दोन्ही जुळतात का ते पाहावे. अदृश्य रकान्याचा हा उचित उपयोग आहे. संगणक प्रयोगशाळेत एका यंत्रावर पाठोपाठ अनेक विद्यार्थी बसतात. तेथे बाहेर पडण्याचे बटण दाबताच सेशनमधील माहिती व कुकी दोन्ही नष्ट होणे अत्यावश्यक आहे.

सेशनचा कालावधीही समजून घ्यावा. मूळ मांडणीत १,४४० सेकंद, म्हणजे २४ मिनिटे, वापर न झालेली सेशन फाइल साफसफाईस पात्र ठरते. ही साफसफाई ठरल्या क्षणी होतेच असे नाही. त्यामुळे त्या आकड्यावर सुरक्षिततेची भिस्त ठेवू नये आणि माहिती टिकण्याचीही. प्रमाणपत्र शोधण्यासाठी अर्ज अर्धवट सोडून उठलेला विद्यार्थी तासाभराने परतला तर त्याची भरलेली माहिती गेलेली असू शकते. असा अर्ज प्रत्येक टप्प्यावर डेटाबेसमध्ये मसुदा म्हणून साठवावा आणि सेशनमध्ये फक्त त्याचा क्रमांक ठेवावा.

सर्वांत कमी चर्चिला जाणारा धोका पुढीलप्रमाणे आहे. सेशन हे ब्राउझरचे असते, खिडकीचे नसते. कार्यालयातील कारकुनाने एका खिडकीत पहिल्या विद्यार्थ्याचा अर्ज उघडला, तेव्हा सेशनमध्ये 'चालू अर्ज' म्हणून त्याचा क्रमांक गेला. मग दुरुस्ती अर्धवट असताना त्याने दुसऱ्या खिडकीत दुसऱ्या विद्यार्थ्याचा अर्ज उघडला. चालू अर्जाचा क्रमांक बदलला. पहिल्या खिडकीकडे परतून त्याने 'जतन करा' हे बटण दाबले आणि पहिल्याची जन्मतारीख दुसऱ्याच्या नावावर नोंदवली गेली. पडद्यावर कोणतीही चूक दिसत नाही, सर्व्हरच्या नोंदीतही नाही. दोष कारकुनाचा नाही. कोणता अर्ज हे त्या पृष्ठाचे वैशिष्ट्य असताना ते सर्व खिडक्यांना सामाईक अशा जागी ठेवले गेले, हा रचनेचा दोष आहे. अर्ज क्रमांक त्या त्या पृष्ठावरील अदृश्य रकान्यात असावा आणि तो अर्ज हाताळण्याचा अधिकार आहे का, हे सेशनमधील ओळखीवरून सर्व्हरने तपासावे. दोन मार्ग एकमेकांना पूरक कसे ठरतात याचे हे उत्तम उदाहरण होय.

९. मराठी मजकुराचे विशेष प्रश्न

यूटीएफ-८ या संकेतनात देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण व एकार अशी चार चिन्हे, म्हणजे १२ बाइट. पत्त्यातून पाठवताना प्रत्येक बाइटचे तीन अक्षरांत रूपांतर होते आणि हा दोन अक्षरांचा शब्द पत्त्यात ३६ अक्षरे व्यापतो. त्यामुळे मराठी निबंध वा लांब अभिप्राय गेटने पाठवू नये. पाठवावयाच्या शब्दांचे यूआरएल एन्कोड या फंक्शनने रूपांतर करावे. लांबी मोजण्याचे साधे फंक्शन बाइट मोजते. त्याच्या आधारे मजकूर कापला तर एखादे अक्षर मध्येच तुटून त्या जागी निरर्थक चिन्ह उमटते. मराठीसाठी बहुबाइट फंक्शनेच वापरावीत.

दुसरा प्रश्न अधिक फसवा आहे. सेशन सुरू करण्याची किंवा कुकी देण्याची आज्ञा कोणताही मजकूर ब्राउझरकडे जाण्यापूर्वी दिली पाहिजे. विंडोजमधील नोटपॅड पूर्वी यूटीएफ-८ फाइल जतन करताना तिच्या आरंभी तीन बाइटची एक अदृश्य खूण जोडत असे; २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून ती मूळ मांडणीत जोडली जात नाही. इंग्रजी पृष्ठे तयार करताना यूटीएफ-८ निवडण्याची वेळ क्वचितच येत असे. मराठी पृष्ठ तयार करणाऱ्याला ते निवडावेच लागे. ती खूण सर्वांत आधी ब्राउझरकडे जाई आणि 'शीर्षके आधीच पाठवली गेली आहेत' अशा आशयाचा इशारा येऊन सेशन सुरूच होत नसे. फाइलीत काहीच चूक दिसत नसल्याने विद्यार्थी हताश होत. जुन्या फाइली आजही वापरात असतील तेथे हा दोष तपासून पाहावा आणि फाइल त्या खुणेविना पुन्हा जतन करावी.

१०. मार्गाची निवड

वरील विवेचनावरून निवडीचे सूत्र मांडता येते. जे पृष्ठ शोधून पुन्हा उघडता यावे, त्याची ओळख पत्त्यात असावी. जी कृती माहिती बदलते, ती पोस्टने व्हावी. जी किंमत एका विशिष्ट पृष्ठापुरती आहे व बदलली तरी सर्व्हर तपासू शकतो, ती अदृश्य रकान्यात चालेल. जी केवळ वापरकर्त्याची आवड आहे, ती कुकीत ठेवावी. जी किंमत वापरकर्त्याला बदलता येऊ नये आणि जी त्या भेटीपुरतीच हवी, ती सेशनमध्ये असावी. जी भेट संपल्यावरही टिकली पाहिजे, ती डेटाबेसमध्ये जावी. गेट, पोस्ट व कुकी या तिन्ही पेट्यांतील प्रत्येक किंमत परक्या हातातून आलेली आहे असे समजून ती प्रथम तपासावी, डेटाबेसकडे प्रिपेअर्ड स्टेटमेंटच्याच मार्गाने पाठवावी आणि पृष्ठावर दाखवताना एचटीएमएलची विशेष चिन्हे निष्प्रभ करून मगच छापावी.

११. समारोप

माहितीचे वहन हा विषय अभ्यासक्रमात बहुधा फंक्शनांची नावे व त्यांची मांडणी एवढ्यापुरता शिकवला जातो. प्रकल्प तपासताना 'माहिती दुसऱ्या पृष्ठावर आली का' हा एकच प्रश्न विचारला जातो आणि तो सुटला की विद्यार्थ्यासही काम संपल्यासारखे वाटते. त्याऐवजी परीक्षकाने पत्त्यातील एक अंक बदलून पाहावा, अदृश्य रकान्यातील रक्कम बदलून फॉर्म पाठवावा, दोन खिडक्यांत दोन नोंदी उघडाव्यात, एका विद्यार्थ्यास शून्य गुण द्यावेत आणि पृष्ठ दोनदा ताजे करावे. या पाच कृतींना दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ लागत नाही. त्यांतून तरलेला प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याला चल, व्याप्ती व सेशन यांचा अर्थ खऱ्या अर्थाने उमगला आहे, असे निःशंकपणे म्हणता येईल. उद्या तोच विद्यार्थी एखाद्या कार्यालयाची, रुग्णालयाची वा विद्यापीठाची माहिती हाताळणार आहे. त्या माहितीमागे ज्यांची नावे असतील, त्यांच्या दृष्टीने या दहा मिनिटांचे मोल मोठे आहे.